आत्याच्या पेशी

सातव्या डिशमध्येही पेशी जिवंत होत्या. तिने मान वर केली, डोळे पुसले आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकली. मरायचं सोडून त्या हातपाय पसरून ऐसपैस बसल्या होत्या.

पेशी तिच्या आत्याच्या होत्या, छातीतल्या गाठीतून काढलेल्या. सहा महिन्यांपूर्वी तिने त्या प्लास्टिकच्या साध्या डिशमध्ये वाढवल्या आणि त्यांच्यावर आपल्या प्रयोगशाळेतलं नवं औषध टाकलं. दोन दिवसांत एकही उरली नाही. ते फोटो घेऊन ती डॉक्टरांकडे गेली, आठवडेच्या आठवडे त्यांचं डोकं खाल्लं, रात्री आत्याच्या पलंगाशी जागून काढल्या. बाकीचे उपाय करून झालेच होते. शेवटी रीतसर परवानग्या मिळाल्या. आत्याला आता कसलंच औषध नको होतं. पण भाचीने "माझ्यावर विश्वास आहे ना?" असं विचारल्यावर तिने मुकाट्याने सही केली.

तीन महिने गोळ्या घेऊनही गाठ तसूभर कमी झाली नाही.

म्हणून हा प्रयोग. अंगातल्या पेशी काही प्लास्टिकवर राहत नाहीत. त्यांच्याभोवती तंतूंचं जाळं असतं, त्याला धरून त्या जगतात. गाठीत हे जाळं घट्ट होत जातं, म्हणून तर गाठ हाताला टणक लागते. तिने तशाच तंतूंची, खरवसासारखी गोठणारी, दोन प्रकारची जेल बनवली. एक निरोगी अंगासारखी मऊ, दुसरी आत्याच्या गाठीइतकी कडक. पेशी त्याच, औषधही तेच. मऊ जेलमध्ये त्या गपगुमान गोळा होऊन राहिल्या आणि औषधाने मेल्या. कडक जेलमध्ये त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही.

प्रयोगशाळेतल्या सरांनी सगळ्या डिश पाहिल्या आणि तिची पाठ थोपटली. हे जाळं सैल करणारं औषध शोधायला हवं, म्हणाले, दहाएक वर्षांचं काम आहे. आत्याजवळ दहा महिनेही नव्हते. ती प्रसाधनगृहात गेली, नळ सोडला आणि त्या आवाजाआड पोटभर रडली.

दुपारीच ती आत्याकडे गेली. आत्या खिडकीशी बसली होती. पलंगाखाली उलटीसाठी ठेवलेलं घमेलं होतं. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. गोळ्यांनी आत्याच्या बोटांची सालं निघाली होती. जिने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, भाचीच्या शाळेच्या फीपासून चष्म्यापर्यंत सगळं त्या मशीनवर केलं, तिला आता सुई धरवत नव्हती.

वाटेत तिने वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही धड आलं नाही. कसंबसं तिने सांगितलं की औषध लागू पडत नाहीये, पडणारही नव्हतं. डिशमध्ये त्या पेशी जाळ्याशिवाय, एकट्या होत्या म्हणून मेल्या. एवढी साधी गोष्ट आधी तिच्या लक्षात आली नाही आणि आत्याचे तीन महिने तिने वाया घालवले.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग सोललेल्या हाताने तिचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला.

"मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं कापड हाताळलंय. मऊ काय, कडक काय, ते या हाताला सांगावं लागत नाही."

तिने विचारलं, "मग बंद का नाही केल्यास गोळ्या? एवढे हाल कशासाठी सोसलेस?"

आत्याने तिचा चष्मा सरळ केला.

"गोळ्या सुरू झाल्यापासून तू झोपायला लागली होतीस."