भुवनाचा सराव

तिरुवैयारूच्या संगीत उत्सवाला भुवना दरवर्षी तंजावूरहून जायची, पण मागे बसून ऐकायला. यंदा मात्र गाणाऱ्यांच्या पहिल्या ओळीत बसून पाचही पंचरत्न कृती, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या त्या पाच थोर रचना, सगळ्यांबरोबर गायच्याच, असा तिचा पण होता. आठ महिन्यांची लेक जननी कडेवर असताना सरावाला वेळ कुठला? मग तिने त्या कृतींचीच अंगाई केली. लेकीला थोपटता थोपटता ताल पक्का झाला.

उत्सवाच्या सकाळी पहिल्या बसने येऊन तिने जागा पटकावली. शेजारच्या राजलक्ष्मी मामींनी बाळाकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

“मधेच रडली तर काय गे?”

“नाही रडायची मामी. या कृती ऐकल्या की गाढ झोपते.”

“शिव शिव! पंचरत्न काय झोपायला असतात?”

इतक्यात बासरी वाजली. हजार गळ्यांनी पहिला सूर लावला. भुवनाचा ऊर भरून आला, हात मांडीवर तालाला गेला आणि भक्तीने डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा लोक सतरंज्या गुंडाळत होते. जननी टक्क जागी, मामींच्या मांडीवर बसून त्यांच्याच गुडघ्यावर थपाथप ताल धरत होती.

“अय्यो मामी! मला उठवलं का नाही?” भुवना रडकुंडीला आली.

“मागची बाई उठवत होती, मीच तिचा हात धरला,” मामी म्हणाल्या. “म्हटलं, गायला इथे हजार माणसं आहेत. हिच्या वाटची झोप कोण झोपणार?”