अर्धा इंच

"संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून कुणाची सही घेऊ?" सिस्टरनं विचारलं आणि ऋजुतानं हातातलं पेन खाली ठेवलं. स्तन मोठे करण्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तिची आई सोबत होती. सासरी दोघींनी ऑफिसचं ट्रेनिंग सांगितलं होतं. डावी बाजू उजवीपेक्षा वर राहिली, तेव्हा "दुरुस्त करून घेऊ" म्हणणारीही आईच. आता आई नव्हती. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, पण तो बोटीवर.

शेवटी तिनं सासूबाईंना फोन लावला. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज त्याच शिवत. बोलणी बसणार हे धरूनच तिनं सगळं सांगून टाकलं.

"दोन वर्षं तुझ्या ब्लाउजचा डावा टक्स मी अर्धा इंच वर घेतेय," सासूबाई म्हणाल्या. "ट्रेनिंगनं कुणाचं माप बदलतं का गं? तू सांगशील म्हणून थांबले होते. खोली नंबर सांग."

तासाभरात येऊन त्यांनी सही केली. तरुण डॉक्टरीण जांभळ्या पेनानं खुणा करत होती. सासूबाईंनी मान वाकडी करून पाहिलं.

"बाई, ही पोक काढून बसलीय. माप उभ्यानं घेतात."

डॉक्टरणीनं ऋजुताला ताठ उभं केलं, पुन्हा मोजलं आणि खूण पुसून खाली घेतली. दोन वर्षं खांदे पाडून वावरलेल्या ऋजुताला हसू आवरेना.

"आणि हे बघा," सासूबाई म्हणाल्या, "आधी कच्ची शिलाई घाला. मी फिटिंग बघते, मगच पक्के टाके."