पेंगलेले श्रोते

बांधाला तडा गेला होता, भरती चढत होती आणि डच गावकरी सामान गाड्यांत भरत होते. हा जिवंत काँक्रीटचा बांध सुमेधा टेंबेने उमेदीची सगळी वर्षं परदेशात खपून उभारलेला. यंत्राने ठेका दिला की त्यातले सूक्ष्मजीव जागे होऊन तडा सांधत. आज मात्र यंत्र वाजून वाजून तापलं, तरी ते ढिम्म.

तिने कुडाळला कीर्तनकार वडिलांना फोन लावला. "बाबा, तोच तो ठेका ऐकून माझे श्रोते पेंगलेत हो!"

"अगं, पेंगणाऱ्यांना उठवण्यातच माझा जन्म गेला," बुवा हसले. "लाव मला त्यांच्या कानाला."

तिने फोन यंत्राला जोडला. झांजा संथ सुरू झाल्या, मध्येच थबकल्या आणि एकदम द्रुत लयीत नामाचा गजर उसळला. बांध थरारला. दुधावर साय धरावी तसा तडा भरत आला, मिटला. भरती येऊन धडकली आणि मुकाट परत फिरली.

"श्रोते उठून गेले नाहीत ना गं?" बुवांनी धापा टाकत विचारलं.

सुमेधाने वळून पाहिलं. सामान खाली ठेवून अख्खं गाव टाळ्यांचा ठेका धरून उभं होतं.

"एकही नाही, बाबा. थांबू नका!"