पुढचे दोन दिवे

"आई, रात्र झाली?" मुलीने मागून विचारलं.

दुपारचे सव्वातीन झाले होते. "नाही गं, धूर आहे," असं म्हणून तिने व्हॅनचे दिवे लावले. व्हॅन बेकरीची होती. डोंगरावरच्या चार वस्त्यांना रोज सकाळी पाव पोहोचवणं हे तिचं काम. आज पावाच्या रिकाम्या ट्रेमध्ये कपड्यांची बोचकी, औषधांचा डबा आणि का कुणास ठाऊक, शिवणयंत्र होतं. शेजारी सासरे बसले होते. उभा जन्म त्यांनी रस्त्याच्या कामावर काढलेला.

नवऱ्याचा फोन नुकताच येऊन गेला होता. तो खाली शहरात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होता. "वारा फिरलाय. आहात तसे निघा. पुलाच्या रस्त्याने या. जुन्या रस्त्याकडे फिरकू नका, तो सगळा जंगलातून..." एवढ्यात फोन कट झाला होता. मग लागलाच नाही.

गल्लीत कुणी नव्हतं. दारं सताड उघडी होती. एका अंगणात नळीतून पाणी वाहत होतं, एका घरात रेडिओवर कुणीतरी हसत होतं. कुत्री भुंकत नव्हती. पाखरांचा तर सकाळपासूनच आवाज नव्हता. लांबून मात्र कुणीतरी मोठं कापड सावकाश फाडत असावं, तसा आवाज येत होता. तो थांबतच नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी एक गाडी समोरून गेली. तिने व्हॅन त्या गाडीच्या मागे घातली.

पहिल्या वळणानंतर गाडी दिसेनाशी झाली. उरले फक्त मागचे दोन लाल दिवे. रस्ता नाही, कठडा नाही, दरी नाही. काचेवर राख पडत होती आणि वायपर ती इकडून तिकडे ओढत होते. ते दिवे मात्र न डगमगता पुढे चालले होते. तिने वेग कमी केला, तर तेही हळू झाले. धुराने खोकला येऊन ती क्षणभर थांबली, तर तेही थांबले.

"आपल्यासाठी थांबतोय तो," सासरे म्हणाले. "जाणकार दिसतोय. सोडू नकोस त्याला."

एका वळणावर हरणं उभी होती. पाच-सहा असतील. रस्त्याच्या कडेला अंगाला अंग लावून, उताराकडे तोंड करून. व्हॅन हातभर अंतरावरून गेली तरी एकानेही मान वळवली नाही. मुलीने खिडकीला नाक लावलं, पण नेहमीसारखी ओरडली नाही.

मग फाटा आला. तो दिसला नाही, चाकाखालच्या खडबडीत पट्ट्यावरून कळला. उजवीकडे पुलाचा रुंद रस्ता. दहा वर्षं ती रोज त्याच रस्त्याने जात होती. डावीकडे लाकडाच्या ट्रकांचा जुना रस्ता, अरुंद, झाडांच्या पोटातून जाणारा.

लाल दिवे डावीकडे गेले.

तिने ब्रेक दाबला. "बाबा, ह्यांनी पुलाच्या रस्त्याने यायला सांगितलंय."

दिवे पुढे जाऊन थांबले होते. धुरात दोन लाल ठिपके, वाट बघत असल्यासारखे.

सासऱ्यांनी उजवीकडे पाहिलं. तिकडे धूर जरा विरळ होता. मग डावीकडे पाहिलं. "तो शहरात बसून बोलला, पोरी. हा इथे आहे. एवढा चांगला रस्ता सोडून हा तिकडे वळतो, म्हणजे याला काहीतरी ठाऊक असणार. जा त्याच्या मागे."

तिने स्टिअरिंग डावीकडे वळवलं.

पुढची वीस मिनिटं रस्ता झाडांतून उतरत राहिला. टपावर काहीतरी टपटप पडत होतं, आणि तो पाऊस नव्हता. एकदा उजव्या हाताला झाडांमागे सगळं लालभडक झालं आणि काच हात लावू नये इतकी तापली. मुलीने आजोबांचा शर्ट मागून मुठीत धरला. लाल दिवे पुढे होते. ती फक्त त्यांच्याकडे बघत होती.

मग धूर करडा झाला, पांढरा झाला. नदीकाठचं मैदान दिसलं. अग्निशमन दलाच्या एका माणसाने हात आडवा करून दोन्ही गाड्या थांबवल्या.

"जुन्या रस्त्याने आलात?" तो बघतच राहिला. "कुणी सांगितलं तुम्हाला? पुलाच्या रस्त्यावर तीन वाजताच आग उतरलीय. तिकडून निघालेलं अजून कुणी खाली आलेलं नाही."

तिने फोन लावला. आता तो लागला. ती कुठून आली हे ऐकल्यावर नवऱ्याने दोनदा विचारलं, "जुन्या रस्त्याने?"

पुढच्या गाडीचा चालक अजून स्टिअरिंग धरून बसला होता. तरुण मुलगा, तिच्या धाकट्या भावाएवढा. शेजारी बायको, तिच्या मांडीवर तान्हं बाळ. बायकोच्या चेहऱ्याची एक बाजू राखेने काळी झाली होती.

"तुमचे उपकार कसे फेडू?" व्हॅनमधून उतरून ती त्याच्या खिडकीशी वाकून म्हणाली. "त्या फाट्यावर तुम्ही डावीकडे वळला नसतात, तर आज आम्ही..."

"फाटा?" तो म्हणाला. "कुठला फाटा?"

"पुलाच्या रस्त्याचा," ती म्हणाली.

"आम्ही कालच आलो इथे, सुट्टीला," तो म्हणाला. "ही डाव्या खिडकीतून डोकं काढून रस्त्याची कडा बघत होती. ती सांगेल तसं मी चालवत होतो. मला समोरचं काहीच दिसत नव्हतं. आरशात तुमचे दिवे तेवढे दिसायचे. ते लांब पडले की आपण एकटे पडलो असं वाटायचं, मग मी थांबायचो." त्याने बायकोकडे पाहिलं. "हिला म्हटलं, घाबरू नकोस. मागे इथली माणसं आहेत. आपण चुकलो, तर ती आपल्या मागे येणार नाहीत."