पातेल्याचा तळ

साडेबारा वाजले तरी सुपाचं पातेलं अर्धं होतं. शिओरीने हळूच झाकण ठेवलं आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मान वर केली. कुणाचंच लक्ष नव्हतं. बारा खुर्च्यांवर बारा माणसं बसली होती आणि बाराही जण मुकाट्याने चावत होते. एक घास पन्नास वेळा चावायचा, हा तिच्या आईचा नियम. आईला, हिसानोला, जाऊन आज बरोबर वर्ष झालं होतं, तरी जपानातल्या मात्सुमोतोच्या त्या गल्लीतल्या तिच्या खाणावळीत तो नियम कुणी मोडला नव्हता.

बाकीच्या पदार्थांचं काही अडत नव्हतं. हातसडीचा भात, तिळाच्या तेलात परतलेलं गाजर, लाल भोपळा, समुद्री शेवाळ. मांस नाही, मासळी नाही, दूध-अंडं नाही. जो तो आपल्या हाताने वाढून घेई आणि पानात काही टाकत नसे. अडत होतं ते सुपाशी.

"वाढून घेणारा माणूस तोंडाने खोटं बोलेल," आई म्हणायची. "पळीने नाही बोलणार. पातेल्याचा तळ दिसला, तरच चव जमली समज."

आईच्या पातेल्याचा तळ अकरा वर्षं रोज दिसला. शिओरी तेव्हा मागे भांडी घाशी. एक वाजता दाराची पाटी उलटी केली की आई तिला टोफूवाल्याच्या रिकाम्या पेट्या परत करायला पिटाळायची. ती अर्ध्या तासाने येई तेव्हा पातेलं घासून पालथं घातलेलं असे. "आजही थेंब उरला नाही," आई म्हणे, आणि संध्याकाळपर्यंत तिची मान ताठ राही.

शिओरीचं मात्र रोज उरत होतं. तेच शेवाळ, तीच वाळलेली अळंबी, दोन वर्षं मुरलेला तोच मिसो, सोयाबीनचा खारट लगदा. गिऱ्हाइकं वाकून "छान होतं" म्हणत आणि पुन्हा पळी उचलत नसत. वर्षश्राद्धापर्यंत वाट पाहायची, असं तिने ठरवलं होतं. तोवर जमलं नाही तर आईच्या नावाची पाटी उतरवायची. आईचं नाव लावून उरणारं सूप विकणं तिला जमणार नव्हतं.

समोरच्या खाटकाला, गोंदाकाकांना, तिने हे सांगितलं तेव्हा ते नुसतेच सुरी पुसत राहिले. एरवी ते चूप बसणारे नव्हते. या जागेला ते तबेला म्हणत आणि गिऱ्हाइकांना शेळ्या. "आज काय, हिसानो, ओलं गवत की सुकं?" असं रस्त्यापलीकडून विचारत. आई म्हणायची, "तुझ्या अंगाला चरबीचा वास येतो. भांडायचं असेल तर दुकान मिटल्यावर मागच्या दाराने ये." आणि ते येतही. गल्लीला ते भांडण पाठ होतं. काकांच्या अंगात मीठ फार झालंय म्हणून डॉक्टर त्यांच्यावर डाफरत, तेव्हा काकू म्हणत, स्वतःचंच खारवलेलं मांस खातात मेले. आई गेली आणि काकांचं ब्लडप्रेशर उतरलं. "भांडायला कुणी उरलं नाही ना," काकूंनी त्याचंही कारण शोधलं. वर्षभरात काका मागच्या दाराकडे फिरकले नव्हते.

आज सकाळी शिओरीने पहिल्यांदाच आईची पाककृती मोडली. शेवटचाच दिवस असेल तर निदान आपल्या जिभेला आवडेल असं करू, असं तिच्या मनात आलं. तिने अक्रोड भाजले, वाटले, सुपात ढवळले आणि मिसो कमी घातला. पहिली वाटी आईच्या फोटोपुढे ठेवताना तिने मान खाली घातली. आई याला जिभेचे चोचले म्हणाली असती.

पावणेएकला निवृत्त शिक्षिका नेझूबाई उठल्या. त्यांनी वाटी भरून घेतली. मग कोपऱ्यातला शिंपी उठला. त्याच्यामागून त्याची बायको. नेझूबाई तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा पळी तळाला खरवडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्या लाजल्या. पन्नास चावे मोजायला लावणाऱ्या घरात असं ओशाळवाणं काही कुणी केलं नव्हतं.

"संपलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"संपलं," शिओरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

एक वाजता तिने पाटी उलटी केली. पेट्या तशाच ठेवल्या, पातेलंही घासलं नाही. ते उचलून फोटोपुढे तिरकं धरलं आणि तळ दाखवला. आईच्या नावाची पाटी आता उतरणार नव्हती. तिची मान आईसारखीच ताठ झाली होती.

मागचं दार वाजलं. गोंदाकाका होते. अंगावर ॲप्रन नव्हता, केस ओले होते, नुकतीच आंघोळ करून आले असावेत. एका हातात उदबत्त्या, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी.

"म्हटलं, तिचं वर्षश्राद्ध आहे, निदान आज तरी यावं," ते म्हणाले. "किती उरलंय?"

"काही नाही उरलं, काका." तिने पातेलं पुढे केलं. तिला हसू आवरेना. "बघा. अगदी आईसारखं."

काकांनी बराच वेळ आत पाहिलं. तळावरून बोट फिरवून चाखलं.

"आईसारखं नाही," ते म्हणाले.

शिओरीच्या हातातलं पातेलं जड झालं.

काका पायरीवर बसले. रुमालाची गाठ सोडून त्यांनी एक जुनी लाकडी वाटी बाहेर काढली. तिच्या कडा झिजून पातळ झाल्या होत्या. कोरड्या वाटीकडे पाहून त्यांनी ती पुन्हा रुमालात बांधली.

"तिचं रोज अर्धं उरायचं. तू पेट्या घेऊन निघालीस की मी इथे बसून संपवायचो. इथून उपाशी जायची ही माझी पहिलीच वेळ, पोरी."