तो काही करत नाही

अर्धांगवायूनंतर अप्पा आज पहिल्यांदाच काठीशिवाय बागेत चालत होते. शेजारून चालणाऱ्या पद्मजाबाईंनी नवऱ्याला कितीतरी दिवस विनवलं, तेव्हा कुठे ते तयार झाले होते. तेवढ्यात एक धिप्पाड कुत्रा धावत आला, त्याने अप्पांच्या छातीवर पंजे टाकले आणि अप्पा हिरवळीवर उताणे पडले.

मालक मोबाइलवर बोलत रमतगमत आला. कुत्र्याचा लांब पट्टा त्याने सत्काराच्या हारासारखा स्वतःच्याच गळ्यात घातला होता. “घाबरता काय काका! तो काही करत नाही, खेळतो फक्त. तुम्ही घाबरलात की त्याला टेन्शन येतं.”

“घरी चल,” अप्पा बायकोला म्हणाले. “उद्यापासून नको मला हे.”

पद्मजाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पुन्हा अंगावर येऊ पाहणाऱ्या कुत्र्यावर त्या कडाडल्या, “खाली बस!” कुत्रा मुकाट्याने बसला.

“अरे वा, तुमचं ऐकतो की!” मालक हसला.

“शहाणा आहे तो. त्याला राहू दे मोकळा.” त्यांनी मालकाच्या गळ्याकडे बोट दाखवलं. “पट्टा अगदी बरोबर गळ्यात आहे. आता टोक धरायला कुणीतरी शोध.”