घटस्फोटाची चौथी तारीख

जवान सीमेवरून थेट कोर्टात आला होता, बूट मातीनं माखलेले. बायको तावातावानं सुरू झाली होती.

"घोरतात हो हे! रणगाडा परवडला."

"आणि हिचा चहा? त्यापेक्षा आमच्या छावणीतला बरा!"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "एवढ्यावरून काडीमोड? मघाशी बाहेरच्या बाकावर एकाच कपातून पीत होतात की दोघं!"

जवानानं घाईघाईनं मिशीवरचा चहा पुसला.

"आणि बाई, तुम्हाला तर सातवा महिना दिसतोय!"

बायको लाजली. नवऱ्यानं तिला कोपरानं ढोसलं, तशी हळूच म्हणाली,



"हो ना मॅडम. तेवढी पुढची तारीख बाळंतपणाच्या सुमाराला द्या. कोर्टाचं बोलावणं असल्याशिवाय ह्यांचे साहेब रजाच देत नाहीत!"